कर्करोग उपचारांची भीती: तिच्यावरही उपचार आहेत

निपाणी ही तंबाखूची आणि विडीची जुनी बाजारपेठ. तंबाखू हे तोंडाच्या कर्करोगाचे प्रमुख कारण असल्याने या आजाराचे नाव सीमाभागात नवे नाही. 3 जानेवारी 2025 रोजी बेळगावात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते केएलई कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन झाले. निपाणी, चिकोडी, खानापूरच्या आणि चोर्ला घाट चढून येणाऱ्या गोमंतकीय रुग्णांसाठी उपचारांची आणखी एक सोय त्यामुळे झाली. मात्र उपचारांचीच धास्ती घेऊन रुग्ण मध्येच थांबला, तर जवळचे रुग्णालयही दूरचे ठरते.

ही धास्ती म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे. तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगात किरणोपचार घेताना चेहऱ्यावर जाळीदार मुखवटा घट्ट बसवून तो टेबलाला जखडतात. किरण नेमक्या जागी पडावेत, यासाठी डोके तसूभरही हलू द्यायचे नसते. आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे हा क्रम चालतो. अशा वेळी जीव गुदमरल्यासारखा होणे स्वाभाविक आहे. केमोथेरपीत आणखी एक अनुभव येतो. पहिल्या काही फेऱ्यांत उलट्यांचा त्रास झाला, की पुढे रुग्णालयाचा वास येताच, सलाईन लावण्यापूर्वीच मळमळू लागते. वास आणि त्रास यांची सांगड मेंदूने घातलेली असते.

जी सांगड शिकण्यातून बसते, ती सैल करता येते. मुखवटा आधी हातात घेऊन पाहणे, तो थोडा थोडा वेळ लावण्याचा सराव करणे, हात वर करताच यंत्र थांबवले जाईल हे आधी ठरवून घेणे, संथ श्वसन, स्नायू क्रमाने आवळून सैल सोडणे, आवडते संगीत अशा साध्या उपायांनी पुष्कळांना आराम पडतो. भीती तीव्र असल्यास समुपदेशन आणि गरजेनुसार औषधेही दिली जातात. ती कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच घ्यावीत.

‘आज मनावर किती ताण आहे, शून्य ते दहापैकी आकडा सांगा’, एवढ्या एका प्रश्नाने अनेक कर्करोग केंद्रांत ही चाचपणी सुरू होते. चार किंवा त्याहून मोठा आकडा आल्यास अधिक विचारपूस केली जाते. कोणी हा प्रश्न विचारला नाही, तर रुग्णाने किंवा नातेवाइकाने आपणहून सांगावे. ‘धीर धर, काही होत नाही’ असे म्हणून घरच्यांनी विषय मिटवू नये. नेमके कशाचे भय वाटते, हे विचारावे.

सीमाभागात भाषेचा प्रश्नही येतो. कन्नड व्यवहारापुरती येत असली, तरी मनातले भय मातृभाषेतच मोकळेपणाने सांगता येते. त्यामुळे मराठी जाणणारा समुपदेशक किंवा परिचारिका मागण्यात संकोच बाळगू नये. केंद्र सरकारची 2022 मध्ये सुरू झालेली ‘टेलिमानस’ सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे.

ठरलेल्या फेऱ्या वेळेवर पूर्ण होण्यावर उपचाराचे यश बरेचसे अवलंबून असते. म्हणूनच भीती बोलून दाखवणे हादेखील उपचाराचाच भाग आहे.