निरोप वेळेवर पोहोचावा म्हणून

शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी राहण्याची सूचना वेळेवर न मिळाल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. म्हणून अशा सूचना लघुसंदेश व ई-मेलद्वारे धाडणारी संगणकप्रणाली आमच्या सर्व्हरवर कार्यरत आहे. नोंदीतील तारखेनुसार ती संदेश तयार करून मोबाइल कंपनीकडे सोपविते व आलेली उत्तरे संबंधित विभागाकडे वळविते.

एका लघुसंदेशात १४० बाइट मावतात. म्हणजे इंग्रजीची १६० अक्षरे, परंतु देवनागरीची केवळ ७० चिन्हे. काना, वेलांटी, हलन्त हेही स्वतंत्र मोजले जात असल्याने ‘शस्त्रक्रिया’ हा एकच शब्द १२ चिन्हे व्यापतो. मजकूर वाढल्यास ६७ चिन्हांचे तुकडे पडतात व प्रत्येक तुकड्याचे शुल्क पडते. तरीही आम्ही मराठीच स्वीकारली. न समजलेला निरोप स्वस्त असला तरी व्यर्थच.

फोन घरात कोणाच्याही हाती असू शकतो, म्हणून संदेशात आजाराचे नाव आम्ही लिहीत नाही. पोच म्हणजे संदेश फोनवर उतरला एवढेच. तो वाचला गेला असे नव्हे. पोच न आल्यास कर्मचारी दूरध्वनी करतात. क्रमांक बदलल्यास नातेवाइकांनी नोंदणी कक्षास अवश्य कळवावे, ही नम्र विनंती.