राखी कोंबडीचा हिशेब

राखी रंगाची जोडी मागायला माणूस आला की मी त्याला आधी चहा देते, कारण पुढचं बोलणं त्याला पटणार नसतं. ‘‘ताई, कोंबडा राखी द्या, तलंग राखी द्या. पिल्लं राखीच निघतील ना?’’ नाही निघणार. निम्मीच निघतील. उरलेल्यांतली निम्मी काळी आणि निम्मी मळकट पांढरी, अंगावर निळसर शिंतोडे उडालेली. त्यातली राखी तेवढी ठेवून पुन्हा जोडी लावा, पुढच्या पिढीत पुन्हा तेच. दहा पिढ्या निवड केली तरी हा रंग पक्का होत नाही.

पाटण तालुक्यात आमच्या परड्यात माझी खुराडी आहेत. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होतं, त्याचा उपयोग लग्नानंतर कोंबड्यांनीच करून घेतला.

कोंबडीच्या पिसांत रंगद्रव्यं दोनच, एक काळं आणि एक तांबूस. काळ्या कोंबड्याच्या शेपटीवर उन्हात हिरवी झाक मारते, तीही पिसांच्या रचनेमुळे. हिरवं द्रव्य कुठेच नसतं. राखी म्हणजे पातळ झालेला काळा. तो पातळ करणारा एक जनुक आहे. प्रत्येक पिल्लाला जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. पातळ करणारी एकच प्रत आली तर काळ्याचा राखी होतो. दोन्ही आल्या तर रंग जवळजवळ पुसला जातो, शिंतोडे तेवढे उरतात. म्हणजे राखी पक्ष्याकडे ती प्रत एकच असते आणि ती तो निम्म्याच पिल्लांना देऊ शकतो.

इंग्लंडमधल्या हौशी लोकांनी या रंगापायी फार डोकं फोडून घेतलं. निळी अँडालुशियन ही त्यांची लाडकी जात; राखीलाच ते निळी म्हणतात. तिच्यातली काळी आणि शिंतोड्यांची पिल्लं ते खराब माल म्हणून काढून टाकत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंब्रिजच्या विल्यम बेटसन आणि रेजिनाल्ड पनेट यांनी दाखवून दिलं, की टाकाऊ काळ्याची जोडी टाकाऊ शिंतोड्यांशी लावली तर एकूण एक पिल्लं निळी होतात. मेंडेलचा नियम प्राण्यांनाही लागतो हे बेटसन यांनी १९०२ मध्ये मांडलं, तेही कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून. वाटाण्याचं श्रेय सगळे देतात, कोंबडीचं कोणी देत नाही.

म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगते, काळा कोंबडा न्या आणि ही शिंतोड्यांची तलंग न्या. तलंगेकडे बघून तो तोंड वाकडं करतो. ती असतेच तशी, धुतल्यावर रंग गेलेल्या कपड्यासारखी. शेवटी तो राखी जोडीच घेऊन जातो आणि पावसाळ्यानंतर फोन करून भांडतो. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी बसवायची आणि तेवढ्यावर निम्मे-पाव मोजायचे, हेही खरं नाही. एखाद्या वेळी एकही काळं निघत नाही, एखाद्या वेळी काळ्यांचाच बाजार भरतो. चार-पाच बसवण्या झाल्या की प्रमाण दिसायला लागतं.

पांढऱ्याचं वेगळंच. व्हाइट लेगहॉर्नच्या पांढऱ्याची एक प्रत आली तरी पिल्लू पांढरं होतं. खाली काळा आहे की पट्टे आहेत, ते कळत नाही. काळा रंग ती चांगला दाबते, तांबडा तितका नाही, म्हणून संकरित पिल्लांच्या छातीवर तांबूस झाक राहते. दुसऱ्या एका पांढऱ्याला दोन्ही प्रती लागतात. तो रंगीत जोडीत लपून राहतो आणि अचानक एक पांढरं पिल्लू बाहेर येतं. मग शेजारचा कोंबडा कुंपणावरून आला होता का, यावर घरात चर्चा. गावात पांढरी कोणाला नकोच असते. घारीला लांबून दिसते, आणि बाजारात ‘ही बॉयलर’ म्हणून भाव पाडतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा किंवा बंगळुरूची गिरिराजा या परसातल्या जाती रंगीत आहेत, त्या उगीच नव्हेत.

सगळ्यात कामाचा रंग मात्र पट्टेरी. माणसांत मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं; कोंबड्यांत ते आईवर. कोंबडी आपलं झेड गुणसूत्र फक्त मुलग्यांना देते, आणि पट्ट्यांचा जनुक त्याच झेडवर असतो. पट्टेरी प्लायमाउथ रॉक कोंबडीला ऱ्होड आयलंड रेड कोंबडा लावला तर पट्टे मुलग्यांकडे जातात, मुली बिनपट्ट्यांच्या राहतात. अंड्यातून निघाल्याच्याच दिवशी काळ्या पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसला की तो नर. जोडी उलटी लावली, म्हणजे पट्टेरी कोंबडा आणि तांबडी कोंबडी, तर ही युक्ती चालत नाही. पट्टे सगळ्यांनाच येतात.

उलटसुलट जोडीचा हाच फरक कडकनाथच्या व्यवहारात पैशांवर येतो. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे त्याची लाट आली आणि तिच्यात अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. लोक पिसं बघून घेतात. कडकनाथचा काळेपणा कातडीत, मांसात, हाडांवरच्या पडद्यात असतो, आणि त्याचा जनुक पिसांच्या जनुकाहून वेगळा. सोनेरी पिसांचा अस्सल कडकनाथ असतो, आणि काळीभोर ऑस्ट्रालॉर्प आतून पांढरी असते. अंडी तर फिकट बदामीच. काळं अंडं दाखवणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

आता संकर. कातडीतला काळा रंग अडवणारा आणखी एक जनुक आहे, तोही झेडवरच. आमच्या पिवळ्या पायांच्या गावरान कोंबड्यांत तो असतो. कडकनाथ कोंबडा आणि अशी गावरान कोंबडी लावली तर मुलींना आईचं झेड मिळत नाही, अडवणारं कोणी नाही, त्या गडद काळ्या निघतात; मुलगे मात्र उजळतात. जोडी उलटी केली तर दोघंही उजळ. गडद संकरित तलंगा ‘शुद्ध’ म्हणून खपवणाऱ्यांना हे शास्त्र माहीत नसतं, पण कोणती जोडी लावायची ते बरोबर माहीत असतं.

त्या पिवळ्या पायांचीही गंमत आहे. तांबडा रानकोंबडा हा पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज, पण पिवळ्या कातडीचा जनुक राखी रानकोंबड्याकडून आला, असं २००८ मध्ये जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. हा राखी रानकोंबडा आमच्या कोयनेच्या जंगलात पहाटे ओरडतो.

घरी प्रयोग करायचा तर पायात रंगीत कड्या घाला आणि वही ठेवा. कोंबडा बदलला तरी कोंबडीच्या पोटात आधीच्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. तेवढे दिवस अंडी बसवू नका, पोळी करून खा.