दंडावरचा वण आणि मूत्राशयाचा कर्करोग

नांदेड किंवा लातूरच्या कोणत्याही शाळेत मुलांना आपापला डावा दंड पाहायला सांगा. बहुतेकांच्या दंडावर एक लहान गोल वण दिसेल. जन्मानंतर टोचलेल्या बीसीजी लसीची ती खूण. क्षयरोगासाठी १९२१ पासून वापरात असलेली ही लस मूत्राशयाच्या कर्करोगावरही उपयोगी पडते. ती कशी, हे समजण्यासाठी आधी गाठ काय करते ते पाहू.

रक्तातल्या टी-पेशी शरीरभर फिरतात आणि बिघडलेली पेशी आढळली की तिला मारतात. मग कर्कपेशी वाचतात कशा? टी-पेशीच्या पृष्ठभागावर पीडी-१ नावाचे प्रथिन असते. तो जणू तिचा ब्रेक. निरोगी पेशींवर हल्ला होऊ नये म्हणून निसर्गाने केलेली सोय. अनेक कर्कपेशी पीडी-एल१ हे जोडीचे प्रथिन स्वतःवर वाढवतात. ते पीडी-१ ला चिकटले की टी-पेशी थंडावते. शिवाय गाठीतून पाझरणारी रसायने भक्षकपेशींना फितवतात. त्या गाठीशी लढायचे सोडून तिच्यासाठी नव्या रक्तवाहिन्या वाढवायला मदत करतात. राखणदारच चोराला सामील!

ही फितुरी मोडण्याचा एक मार्ग कॅनडातील डॉ. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये दाखवला. गाठ खरवडून काढल्यावर बीसीजीचे जिवंत पण दुबळे जंतू नळीने मूत्राशयात सोडतात आणि सुमारे दोन तास राहू देतात. आठवड्यातून एकदा, असे सहा वेळा. जंतू अस्तराला चिकटले की धोक्याचा इशारा जातो, पांढऱ्या पेशींची झुंड येते आणि उरलेल्या कर्कपेशींनाही मारते. यासाठीची बीसीजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही तयार होते. दुसरा मार्ग पीडी-१ चा ब्रेक सोडवणाऱ्या औषधांचा. पीडी-१ शोधणारे जपानचे तासुकु होंजो हे २०१८ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी.

लहानपणीचा वण मात्र या रोगापासून वाचवत नाही. मूत्राशयात सोडलेल्या बीसीजीचाही उपयोग गाठ स्नायूत शिरण्याआधीच होतो. नंतर बहुधा मूत्राशय काढावे लागते. म्हणून पहिली खूण ओळखायला हवी : लघवीतून रक्त, तेही बहुधा वेदनेशिवाय. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लघवीला जळजळ झाली की आपण ‘उन्हाळी लागली’ म्हणतो. लाल लघवी त्यातलीच समजू नये. एकदाच दिसून थांबली तरी डॉक्टरांना दाखवावे. या रोगाचे सर्वांत मोठे कारण विडी-सिगारेट. धुरातली विषे रक्तातून मूत्रपिंडात गाळली जातात आणि मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतात. उत्सर्जनसंस्था शिकवताना एवढे सांगितले, तर एखाद्या मुलाच्या आजोबांची तपासणी वेळेवर होईल.