कालीगंडकीच्या काठावरचा खड्डा

स्मरणिकेसाठी दरवर्षी मी बालकांच्या लसीकरणावर किंवा आहारावर लिहीत आलो आहे. या वर्षी संपादक मंडळाने ‘व्यवसायाबाहेरचे काहीतरी लिहा’ अशी प्रेमळ आज्ञा केली, म्हणून मोटारसायकलीवरून केलेल्या नेपाळ प्रवासातील एका खड्ड्याविषयी लिहितो. अर्थात व्यवसाय पूर्णपणे बाहेर राहिला असे नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीची गर्दी ओसरल्यावर, मी आणि माझी इंटर्नशिप संपवून बसलेली कन्या दोन गाड्यांवरून ग्वाल्हेरहून निघालो. लखनौ, गोरखपूर असा सुमारे सातशे किलोमीटरचा प्रवास करून सुनौलीला सीमा ओलांडली. तेथे भारतीय गाडीला दिवसांच्या हिशेबाने ‘भन्सार’ म्हणजे जकात भरावी लागते. जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. आपली वाहन विमा पॉलिसी सीमेपलीकडे आपोआप लागू होत नाही. नेपाळ किंवा भूतानसाठी जादा हप्ता भरून तिचा भौगोलिक विस्तार करून घ्यावा लागतो. भन्सारच्या पावतीची काळजी सगळे घेतात, हे मात्र विसरतात.

पोखरा, बेनी, तातोपानी, जोमसोम आणि मुक्तिनाथ हा आमचा मार्ग. बेनीपासून पुढे रस्ता कालीगंडकीच्या खोऱ्यातून जातो. एका अंगाला धवलगिरी, दुसऱ्या अंगाला अन्नपूर्णा, दोन्ही आठ हजार मीटरहून उंच. दर पावसाळ्यात दरडी हा रस्ता खातात आणि हिवाळ्यात तो पुन्हा बांधला जातो. परिणामी कुठे खडी, कुठे चिखल, कुठे गोटे, तर मध्येच शंभर पावले उत्तम डांबर. नेपाळीत खड्ड्यांना ‘खाल्डाखुल्डी’ म्हणतात. या शब्दाचा उच्चार करतानाही गाडी दोनदा आपटल्यासारखी वाटते!

वर जाताना काही झाले नाही. मुक्तिनाथाचे दर्शन झाले, मार्फाची सफरचंदे खाल्ली, जोमसोमचा प्रसिद्ध दुपारचा वारा अंगावर घेतला. खरा घोटाळा परतीच्या वाटेवर झाला आणि त्याचा कर्ता मीच. घासाच्या खालच्या सुट्या खडीत पकड चांगली मिळावी म्हणून मी पुढच्या चाकातली हवा बरीच कमी केली होती. हे शास्त्राला धरूनच होते. पण पुढे पक्का रस्ता लागला की हवा पुन्हा भरायची असते. मी ती भरली नाही. हवा कमी आणि सामान भरपूर असले, की खड्ड्याची कड टायरला नव्हे, थेट रिमला लागते.

तातोपानी सोडून थोडे खाली आलो. दरी अरुंद असल्याने रस्त्याचा एक तुकडा लख्ख उन्हात, तर पुढचा गडद सावलीत. पंचविशीतले डोळे अशा बदलाला चटकन सरावतात. पन्नाशी उलटलेल्यांना थोडा वेळ लागतो आणि त्या थोड्या वेळात चाळीसच्या वेगाने गाडी बरीच पुढे गेलेली असते. सावलीत शिरलो आणि कडा तुटलेल्या, वीतभर खोल खड्ड्यात पुढचे चाक आदळले. मनगटापासून मानेपर्यंत झिणझिण्या आल्या. गाडी पडली नाही, म्हणून मी थांबलो नाही.

कन्या मागून दिवा लावत-विझवत आली. “बाबा, तुमचं पुढचं चाक डुलतंय. थांबून बघू या.”

“काही नाही गं, रस्ताच तसा आहे.”

“रस्ता मलाही तोच आहे ना?”

मी हसून पुढे निघालो. येथे मला एक कबुली दिली पाहिजे. “ताप नाही, खोकला नाही, पण बाळ आज वेगळंच वाटतंय,” असे सांगणाऱ्या आईला तपासणी केल्याविना परत पाठवू नये, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना तीस वर्षे शिकवत आलो आहे. जो सतत पाहत असतो, त्याला बदल आधी कळतो. माझे चाक मला दिसत नव्हते. सकाळपासून ते पाहत होती ती मागून येणारी मुलगी.

आठ-दहा किलोमीटरांवर एक उतार आणि वळण लागले. वळणापलीकडे गणवेशातली पाच-सहा मुले रस्त्याच्या मधोमध, खांद्यावर हात टाकून, घरी निघालेली. पुढचा ब्रेक दाबला. हाताला दाब लागला, पण गाडी थांबेना. मागचा ब्रेक पूर्ण दाबून गाडी डोंगराच्या अंगाला घातली आणि कुशीवर पडलो. सर्वांत जवळची मुलगी माझ्यापासून दोन हातांवर होती. सहा-सात वर्षांची असेल. ती घाबरली नाही, हसली. मग त्या सर्वांनी मिळून माझी गाडी उभी केली. मला गुडघ्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नव्हते, पण हाताची थरथर कितीतरी वेळ थांबली नाही. कन्या एक शब्दही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे वाटले असते.

बेनीपर्यंत पायी चालण्याच्या वेगाने आलो. तेथील मिस्त्रींनी चाक उचलून फिरवले आणि दोन मिनिटांत निदान केले. रिमला एके ठिकाणी अंगठा बसेल एवढा पोचा, तीन स्पोक सैल, म्हणून चाक आउट झालेले. ट्यूब वाचली होती हे नशीब. पण गंभीर बाब वेगळीच होती. फोर्कवर दिवसेंदिवस वाळलेल्या चिखलाचे कण त्या आदळण्याबरोबर ऑइल सीलखाली शिरले होते. सील गळत होते आणि ते तेल निथळत ब्रेकच्या डिस्कवर व पॅडवर उतरले होते. मार बसला चाकाला, निकामी झाला ब्रेक.

“एक्स-रे फिल्म चाहिए,” मिस्त्री म्हणाले. मला वाटले माझ्या गुडघ्यासाठी! त्यांनी फळीवरून एक जुनी फिल्म काढली. सवयीने मी ती उजेडात धरली: लहान मुलाचा हात, रेडियस एका बाजूने तडकलेले, दुसऱ्या बाजूने नुसते वाकलेले. ग्रीनस्टिक फ्रॅक्चर. “मेरे लड़के का है, अब ठीक है,” ते म्हणाले. फिल्मच्या कोपऱ्यातली काळी पट्टी त्यांनी कापली, सीलच्या ओठाखाली सरकवून गोल फिरवली आणि अडकलेली वाळू बाहेर काढली. गळती थांबली. तेल प्यायलेले पॅड मात्र साफ करून भागत नाही, ते बदललेच.

रिम लाकडी ठोकळा ठेवून ठोकताना त्यांनी भिंतीवर टांगलेले एक ओतीव अलॉयचे चाक दाखवले. त्याला आरपार तडा गेला होता. स्पोकच्या चाकाची रिम वाकते, ती पुष्कळदा सरळ करता येते. अलॉय तडकते, ते बदलावे लागते. हातातल्या फिल्मवरचे ते कोवळे हाड पाहून मला हे वेगळे समजावून घ्यावे लागले नाही. सर्व मिळून त्यांनी सोळाशे नेपाळी रुपये घेतले, म्हणजे आपले हजार. निघताना म्हणाले, “बिस्तारै जानुस्, बुवा.” म्हणजे सावकाश जा.

चाकात हवा भरली. कन्या म्हणाली, “आता मी पुढे.” बेनीहून पोखरापर्यंत ऐंशीएक किलोमीटर ती पुढे होती. खड्डा आला की त्या बाजूचा पाय बाहेर काढून दाखवायची आणि मी त्या पायाकडे पाहत गाडी चालवायचो.