पेंढा फोडणारा कारखाना

मळीपासून अल्कोहोल काढणे महाराष्ट्राला नवे नाही. मळीत साखर आयतीच विरघळलेली असते. पाणी मिसळा, यीस्ट सोडा, ती आंबते. भाताच्या पेंढ्यातही साखर असते, वजनाच्या निम्म्याहून अधिक. पण ती सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजच्या लांबलचक साखळ्यांत अडकलेली, आणि त्यांभोवती लिग्निनचा लेप. या लेपाच्या आधारानेच रोप उभे राहते, बुरशीला दाद देत नाही. मग यीस्टची काय कथा?

हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलच्या रिफायनरीशेजारी जो इथेनॉल कारखाना आहे, त्याचा जीव म्हणूनच आंबवणीच्या टाक्यांत नाही, त्याच्या आधीच्या पूर्वप्रक्रियेत आहे. १० ऑगस्ट २०२२ रोजी त्याचे लोकार्पण झाले. खर्च ९०० कोटी रुपयांहून अधिक. वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढा घ्यायचा आणि ३ कोटी लिटर इथेनॉल द्यायचे, असा आराखडा. म्हणजे टनामागे १५० लिटर. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे. त्याआधी २०१७ मध्ये त्यांनी दौंड तालुक्यात दिवसाला १२ टन काडीकचरा पचवणारा छोटा प्रकल्प उभारला होता.

पूर्वप्रक्रियेची सर्वांत रुळलेली रीत सांगायला सोपी आहे. गठ्ठे सोडायचे, दगडमाती काढायची, पेंढा बारीक कापायचा, सौम्य गंधकाम्लात भिजवायचा आणि बंद भांड्यात दीडशे-दोनशे अंश तापमानाच्या वाफेत काही मिनिटे ठेवायचा. मग दाब एकदम सोडला की तंतू आतून फुटतात. हेमिसेल्युलोज विरघळते, लिग्निनची पकड सैल होते, सेल्युलोज उघडे पडते. तेव्हा कुठे एन्झाइम त्याचे ग्लुकोज करू शकतात. गाय हेच काम तासन्‌तास रवंथ करून आणि पोटातल्या जिवाणूंच्या भरवशावर करते, आम्लाशिवाय. कारखान्याला तेवढी सवड नसते.

घाई मात्र अंगाशी येते. आच जास्त झाली तर हेमिसेल्युलोजमधून सुटलेल्या झायलोज साखरेचे फरफ्युरल होते, आणि ते यीस्टला विषासारखे. आच कमी पडली तर महागडे एन्झाइम वाया. शिवाय झायलोज नेहमीच्या यीस्टला पचतच नाही; त्यासाठी यीस्टची जनुके बदलावी लागतात.

माझ्या मते खरी परीक्षा रसायनाची नाहीच, यंत्राच्या तोंडाची आहे. पेंढा हलका, फुगीर, सिलिकाने भरलेला, वर शेतातली माती. तो दाबाच्या भांड्यात सतत ढकलायचा आणि वाफ मागे येऊ द्यायची नाही. ढकलणारा स्क्रू झिजतो, तोंड तुंबते. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एमेट्सबर्गचा पोएट-डीएसएमचा कारखाना २०१४ मध्ये थाटात सुरू झाला आणि वर्षानुवर्षे पूर्वप्रक्रियेपाशीच अडखळत राहिला. यंत्रे पुरवणाऱ्या कंपनीशी वाद कोर्टात गेला. त्याच राज्यातला ड्यूपाँटचा कारखाना २०१७ मध्ये बंद झाला. इथेनॉलच्या भावावर भाषणे होतात, स्क्रूवर होत नाहीत.

असा कारखाना महाराष्ट्रात उसाच्या बगॅसवर का नको, हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. पण बगॅस इथे फुकट पडलेला नाही. साखर कारखाने तो बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज करतात, उरलेली वीज विकतात. उलट हरियाणात भात काढणी आणि गहू पेरणी यांत जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात, म्हणून पेंढा शेतातच पेटवला जात होता. तिथे तो विकत घेणारे गिऱ्हाईक उभे करणे जास्त शहाणपणाचे.