पानगळीची यादी

अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत सप्टेंबर सरत आला की पुष्कळ घरांत शीतकपाटाच्या दारावर एक कागद लागतो. त्यावर आठ-दहा ओळी लिहिलेल्या असतात. बागेत जाऊन सफरचंदे तोडणे, ताजा साइडर पिणे, मेपलची झाडे रंगलेली असताना डोंगरातून एक फेरी मारून येणे, मक्याच्या शेतातील चकव्यात शिरणे, भोपळा आणून कोरणे, सोंगाचे कपडे शिवणे, एखादा जुना भयपट पाहणे, आणि ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी खाऊने भरलेले पातेले घेऊन दाराशी बसणे. एकेक गोष्ट झाली की त्या ओळीवर रेघ मारावयाची. हा कागद एखाद्या शाळकरी मुलाने लिहिला असेल असे कोणासही वाटेल; परंतु अनेकदा तो तीस-चाळीस वर्षांच्या, नोकरीत मुरलेल्या, कधी कधी एकट्याच राहणाऱ्या माणसाने स्वतःपुरता तयार केलेला असतो.

समंजस माणसाला हा प्रकार पोरकट वाटण्याचा संभव आहे. वाणसामानाची यादी समजू शकते. पण आनंदाची यादी करण्याची पाळी माणसावर का यावी? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर त्या कागदावरील ओळी जरा जवळून पाहाव्या लागतात. त्यांतील काही हजार वर्षांच्या आहेत, आणि काही अगदी परवाच्या.

पहिल्या दोन-तीन ओळी निसर्गाच्या स्वाधीन आहेत. पानाचा हिरवेपणा हरितद्रव्यामुळे असतो. दिवस लहान होऊ लागले आणि रात्री गारठू लागल्या की झाड नवे हरितद्रव्य तयार करणे थांबविते, असलेले मोडते, आणि त्यातील कामाचे अंश फांद्यांकडे ओढून घेते. पानाच्या देठाच्या बुडाशी बुचासारखा एक थर धरतो व रसाची वाट हळूहळू बंद होते. पिवळा आणि नारिंगी रंग पानात उन्हाळाभर असतोच. हिरव्याखाली तो झाकलेला असतो, इतकेच. लाल रंगाची गोष्ट मात्र निराळी. तो बहुतांशी याच दिवसांत, पानात कोंडून राहिलेल्या साखरेच्या आधाराने, नव्याने तयार होतो. आणि त्याला लख्ख ऊन असलेले दिवस व गार, परंतु न गोठविणाऱ्या रात्री मानवतात. म्हणून एखाद्या वर्षी व्हरमाँटचे डोंगर पेटल्यासारखे दिसतात, तर एखाद्या ढगाळ वर्षी तेच डोंगर मळकट पिवळे राहतात. रंगाची ही लाट उत्तरेकडे सप्टेंबरअखेर उठते आणि ऑक्टोबरभर दक्षिणेकडे सरकत जाते. एका ठिकाणी ती जेमतेम आठवडा-दोन आठवडे थांबते. मध्येच वाऱ्यापावसाची एक रात्र आली की सारे वैभव रस्त्यावर! ‘पुढच्या रविवारी पाहू’ म्हणणाऱ्याच्या वाट्याला बोडक्या फांद्या येतात. कामाच्या रगाड्यातील माणसाने हे आधी लिहून ठेवले तर त्यात हसण्यासारखे फारसे नाही.

सफरचंदांचेही असेच. मॅकिंटॉश जातीचे फळ सप्टेंबरात पिकते, इतर जाती ऑक्टोबरात. बागवाला हाती पिशवी देतो, गिऱ्हाईक स्वतः फळे तोडते. साइडर म्हणजे तेथे न गाळलेला, गढूळ, गोड रस; इंग्लंडात त्याच शब्दाने आंबविलेले मद्य समजले जाते, त्यामुळे प्रवाशाची कधी कधी फसगत होते. मक्याचा चकवा ही ओळ वाचून एखाद्याला ही खेड्यांतील जुनी रीत वाटेल. परंतु उभ्या पिकात आडव्यातिडव्या वाटा कापून लोकांना पैसे घेऊन हरवावयाचे, ही कल्पना अमेरिकेत १९९३ साली पेनसिल्व्हेनियात रुजली. ती ‘परंपरा’ म्हणून पाळणाऱ्या कित्येकांहून ती वयाने लहान आहे.

भोपळ्याचा इतिहास मात्र लांबचा आहे, आणि तो भोपळ्यापासून सुरू होत नाही. आयर्लंड आणि स्कॉटलंड येथे लोक सलगमाचा गड्डा पोखरून त्यात दिवा ठेवीत. त्यामागची आयरिश दंतकथा अशी, की जॅक नावाच्या एका लबाड माणसाने सैतानाला फसविले; मरणानंतर त्याला स्वर्गात जागा मिळेना आणि नरकातही मिळेना; तेव्हापासून तो सलगमात निखारा घेऊन अंधारात हिंडतो आहे. आयरिश लोक अमेरिकेत आले तेव्हा त्यांना तेथे तांबडा भोपळा मिळाला. सलगम पोखरणे म्हणजे मनगटाची परीक्षा. भोपळा मोठा, पोकळ आणि सुरीला मऊ. दिवा भोपळ्यात गेला तो कायमचाच. कोरावयाची जात आणि खावयाची जात आता वेगळी झाली आहे. कोरावयाच्या भोपळ्याचा गर पाणचट व दोरेदार असतो. कापल्यावर तो थोड्याच दिवसांत बुरसू लागतो, म्हणून ही ओळ फार आधी उरकता येत नाही.

‘हॅलोवीन’ या शब्दाचा अर्थच ‘सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या’. जुन्या इंग्रजीत ‘हॅलो’ म्हणजे पवित्र व्यक्ती. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोमच्या संत पीटर मंदिरात सर्व संतांच्या नावे एक प्रार्थनास्थान अर्पण केले. नवव्या शतकात, पोप चौथे ग्रेगरी यांच्या काळी, १ नोव्हेंबरचा सण फ्रँक राज्यात सर्वत्र पाळला जाऊ लागला. दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लूनीचे मठाधिपती संत ओडिलो यांनी आपल्या मठांतून २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या प्रार्थनेचा दिवस ठरवून दिला. प्राचीन आयर्लंडात याच सुमारास ‘साऊन’ नावाचा हिवाळ्याच्या आरंभाचा उत्सव होत असे, हे खरे. त्या उत्सवावर पांघरूण घालण्यासाठीच चर्चने ही तारीख निवडली, असे मात्र बेधडक सांगितले जाते. तसे मानण्यात एक मोठी अडचण आहे. आयर्लंडातील जुन्या पंचांगात सर्व संतांचा सण एप्रिलमध्ये येतो. नोव्हेंबरची तारीख तेथे बाहेरून आली.

दारोदार जाण्याची चालही मृतांशीच बांधलेली होती. मध्ययुगीन इंग्लंडात गरीब माणसे आणि मुले या दिवसांत घरोघर जात, लहान गोड पोळ्या घेत, आणि मोबदल्यात त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत. शेक्सपियरच्या एका नाटकात या दिवसांतील भिकाऱ्याच्या केविलवाण्या सुराचा ओझरता उल्लेख येतो. म्हणजे दाराशी आलेला नुसता घेऊन जात नव्हता. काही देतही होता. धर्मसुधारणेनंतर मृतांसाठीची प्रार्थना इंग्लंडात निषिद्ध ठरली. पोळ्या मात्र काही परगण्यांत एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हा सण मुलांचा नव्हता. रॉबर्ट बर्न्स याने १७८५ साली ‘हॅलोवीन’ नावाची दीर्घ कविता लिहिली. तीतील तरुण-तरुणी डोळे मिटून शेतातून कोबीवर्गी भाजीचे रोप उपटतात आणि त्याच्या सरळ वा वाकड्या खुंटावरून जोडीदार कसा मिळेल ते ओळखतात; चुलीत दोन कवचीची फळे शेजारी ठेवून ती शांत जळतात की तडकून दूर उडतात ते पाहतात. आयर्लंडात मनुकांच्या पावात अंगठी भाजून ठेवीत. ती ज्याच्या तुकड्यात येई त्याचे लग्न जवळ आले म्हणत. डॅनियल मॅक्लीस याचे १८३३ चे प्रसिद्ध चित्र ब्लार्नी येथे धर्मगुरूने भरविलेल्या अशाच एका मेळाव्यावरून काढलेले आहे. त्यात म्हातारे, तरुण आणि पोरे एकाच छपराखाली दाटीने खेळताना दिसतात. यांतील पुष्कळ लग्नाच्या वयाची वा त्यापुढची माणसे होती. त्यांना कोणी पोरकट म्हणत नव्हते.

१८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाने लाखो आयरिश लोक अमेरिकेत आले आणि त्यांच्याबरोबर ही रात्र आली. विसाव्या शतकाच्या आरंभी ती वात्रटपणाची झाली होती. फाटके उचकटून नेणे, गाड्या छपरावर चढविणे, खिडक्यांना साबण फासणे, असे प्रकार चालत. मिनेसोटातील अनोका गावाने १९२० साली मुलांना गुंतविण्यासाठी मिरवणूक काढली. खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू, अशा अर्थाचा ‘ट्रिक ऑर ट्रीट’ हा पुकारा कॅनडातील वृत्तपत्रांत १९२० च्या दशकात आढळतो. दुसऱ्या महायुद्धात साखरेचे नियंत्रण आले. ते १९४७ मध्ये उठले आणि नव्या उपनगरांतून घरोघर खाऊ मागण्याची चाल झपाट्याने पसरली. १९५० पासून काही मुले युनिसेफसाठी पैसेही गोळा करू लागली. तेव्हा हॅलोवीन हा ‘लहान मुलांचा सण’ झाला तो साधारण तीन पिढ्यांपूर्वी. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात राल्फ ली या मुखवटेकाराने १९७४ साली मिरवणूक सुरू केली, आणि मोठी माणसे पुन्हा उघडपणे सोंगे घेऊ लागली. आपलेच परत घेतले, असेही म्हणता येईल.

आता यादीचा प्रश्न. ब्लार्नीच्या त्या मेळाव्यातील कोणाच्याही खिशात यादी नसणार. तिची गरजच नव्हती. तारीख चर्चची घंटा सांगे, पाव घरची म्हातारी भाजी, आणि शेजारी वाट पाही. वसईत किंवा गोव्यात २ नोव्हेंबरला दफनभूमीत जावयाचे आहे हे कोणी कागदावर टिपून ठेवीत नाही. कबरी आधीच धुतलेल्या असतात, फुले आणि मेणबत्त्या घेऊन सारा गाव निघतो, आणि न निघणाऱ्यालाच निमित्त शोधावे लागते. कोजागरीचे दूध आटविण्यासाठी तरी कोण यादी करतो? पंचांग ही साऱ्या समाजाने मिळून केलेली यादीच आहे. ते पंचांग ज्याच्या हातून सुटले, त्याला स्वतःचे लिहावे लागते. अमेरिकेतील माणूस शिक्षणासाठी एका राज्यात, नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात जातो. आईवडील तिसऱ्या राज्यात असतात. ऋतू बदलला हे त्याला सांगणारे कोणी जवळ नसते. बडोदे, इंदूर वा हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना यातील मर्म अधिक सांगावयास नको. शेजारचे घर तोच सण पाळीत नसेल तर आपला सण आठवणीने, मुद्दाम धरून ठेवावा लागतो.

अर्थात यादीला तिचे दोषही आहेत. कचेरीच्या नोंदवहीप्रमाणे रकाने भरणे सुरू झाले, छायाचित्र काढून झाले की बागेतून पाय काढता घेतला, तर त्या ओळीवर रेघ पडते आणि हाती काही लागत नाही. यादीत सहा ओळी असाव्यात, वीस नसाव्यात. एखादी दरवर्षी राहूनच जाते. ती पुढल्या वर्षीच्या कागदावर चढवावी. सोंगाचे कपडे विकत आणण्याऐवजी स्वतः शिवावेत, कारण त्या आठ-दहा संध्याकाळीच खऱ्या सणाच्या असतात. १९३८ साली ३० ऑक्टोबरच्या रात्री ऑर्सन वेल्सने नभोवाणीवरून मंगळवासीयांच्या स्वारीचे नाटक सादर केले होते. तेव्हा उडालेली घबराट वृत्तपत्रांनी पुष्कळ फुगवून सांगितली. त्याचे ध्वनिमुद्रण आजही मिळते. दिवे मालवून ते ऐकणे ही भयपटाहून कितीतरी चांगली ओळ आहे.

पाने एकट्याने पाहता येतात, भोपळा एकट्याने कोरता येतो. शेवटची ओळ मात्र एकट्याने पुरी होत नाही. तिकडचा संकेत असा की, ओसरीवरचा दिवा लावलेला असेल त्याच घराची घंटा मुलांनी वाजवावी. दिवा विझला की खाऊ संपला किंवा घरी कोणी नाही. अनेक मजली इमारतीत राहणाऱ्यांकडे मुले सहसा फिरकत नाहीत. म्हणून अशी माणसे त्या संध्याकाळी खाऊ घेऊन भावाच्या, बहिणीच्या, मित्राच्या ओसरीवर जाऊन बसतात. २००७ पासून घड्याळे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे करतात, त्यामुळे त्या दिवशी संधिप्रकाश तासभर अधिक लांबतो. अगदी धाकटी मुले उजेडातच येऊन जातात, आणि थोराड मुले अंधार पडल्यावर.

आणखी एक गोष्ट त्या कागदांवर आढळते. ‘आईच्या कृतीने सफरचंदांचा पाय’, ‘आजोबा नेत त्या बागेत’, अशा ओळी त्यात असतात. ती आई, ते आजोबा पुष्कळदा हयात नसतात. कृतीत लोणी किती घालावयाचे हे विचारावयाचे राहून गेलेले असते. मग दोन-तीन वर्षे अंदाजाने पाहावे लागते. ज्यांनी मृतांचा दिवस म्हणून हा सण कधी ऐकलेला नसतो, त्यांच्या यादीत मृत असे आपल्या पायांनी येतात. जुन्या आयरिश घरांतून सर्व मृतांच्या रात्री मंडळी लवकर निजत. चुलीत विस्तव राखून ठेवीत, शेजारी वाडगाभर पाणी ठेवीत, आणि दाराला कडी लावीत नसत.