आपल्या मुलाला प्रवेश मिळेल का?

मंडळी, बारावीचा आणि सी.ई.टी.चा असे दोन्ही निकाल हाती आले की गावोगावच्या शिक्षकांना एकच प्रश्न विचारला जातो : "गुरुजी, पोराचा पुण्याला नंबर लागेल का?" प्रश्न साधा आहे. त्याला मिळणारी उत्तरेही साधीच असतात. एक जण म्हणतो, "लागेल की, पंच्याऐंशी टक्के आहेत." दुसरा म्हणतो, "छे, ते आपल्यासारख्यांचे काम नव्हे." दोन्ही उत्तरे अंदाजपंचे. पहिल्या उत्तराने मुलगा गाफील राहतो. दुसऱ्या उत्तराने तो अर्जात त्या महाविद्यालयाचे नावच लिहीत नाही, आणि न लिहिलेली जागा त्याला कुणी आपणहून देत नाही. माझ्या मते हे दुसरे नुकसान अधिक मोठे आहे, कारण ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

तेव्हा हा अंदाज कागद-पेन्सिल घेऊन कसा करावा, ते आज पाहू. आपण बोलणार आहोत ते महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी प्रवेशाबद्दल. वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा वेगळी, नियमही वेगळे. त्यांची सरमिसळ इथे नको.

प्रथम टक्क्यांचा घोळ मिटवू. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा, म्हणजे एम.एच.टी. सी.ई.टी.चा, निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. पुष्कळ पालक पर्सेंटाइल म्हणजे टक्केच समजतात. तसे नाही. टक्के म्हणजे शंभरांपैकी किती गुण मिळाले ते. पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या दर शंभर मुलांपैकी किती मुले आपल्या बरोबरीला किंवा आपल्या मागे आहेत ते. ही परीक्षा २०१९ सालापासून संगणकावर होते, अनेक दिवस चालते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी असते. एखादी सोपी निघते, एखादी अवघड. म्हणून ज्या सत्रात मुलगा बसला त्या सत्रातल्या मुलांशीच त्याची तुलना करतात. दोनशेपैकी एकशे दहा गुण मिळालेल्या मुलाचा पर्सेंटाइल नव्वदीच्या घरात असू शकतो. ते पाहून बारावीला पंच्याऐंशी टक्के मिळवणाऱ्याने चकित होण्याचे कारण नाही.

मग बारावीच्या गुणांचे काय? २०२५ च्या प्रवेशात ते फक्त दारातून आत सोडण्यापुरते होते. भौतिकशास्त्र, गणित वगैरे ठरलेल्या विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के असले की झाले. पुढची रांग सी.ई.टी.च्या निकालावर लागते. बारावीला ६२ टक्के आणि सी.ई.टी.ला ९३ पर्सेंटाइल असलेला मुलगा हा ८८ टक्के आणि ७१ पर्सेंटाइलवाल्याच्या खूप पुढे उभा असतो. गावात मात्र हार दुसऱ्याच्या गळ्यात पडतो.

आता थोडे गणित. समजा, परीक्षेला तीन लाख मुले बसली. ज्याला ९८ पर्सेंटाइल आहे त्याच्यापुढे साधारण सहा हजार मुले आहेत. ९० वाल्याच्या पुढे तीस हजार. म्हणजे एका पर्सेंटाइलच्या फरकात तीन हजार मुले मावतात. आकडा दशांश चिन्हापुढे सात अंकांपर्यंत का देतात, ते आता कळेल. पुढच्या वर्षी परीक्षेला चार लाख मुले बसली, तर त्याच ९८ पर्सेंटाइलच्या पुढे सहाच्या ऐवजी आठ हजार मुले असतील. महाविद्यालयातल्या जागा तर मोजून ठेवलेल्या असतात, मुले वाढली म्हणून बाके आपोआप वाढत नाहीत. "मागच्या वर्षी अठ्ठ्याण्णवला मिळाले होते, यंदाही मिळेल" हे म्हणणे इथे फसते. म्हणून माझा सल्ला असा, की पर्सेंटाइलपेक्षा गुणवत्ता यादीतला क्रमांक पाहावा. प्रवेशासाठी नोंदणी केलेल्या मुलांची यादी लागते, तीत प्रत्येकाला राज्याचा गुणवत्ता क्रमांक मिळतो. तो आपल्या मुलाचा खरा पत्ता.

हा क्रमांक ताडून पाहायचा तो मागच्या वर्षीच्या कट-ऑफ यादीशी. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष ही यादी प्रत्येक फेरीनंतर आपल्या संकेतस्थळावर ठेवतो. पहिल्यांदा ती पाहिली की डोळे फिरतात, पण वाचण्याची किल्ली सोपी आहे. प्रत्येक महाविद्यालयाखाली शाखा दिलेली असते आणि तिच्याखाली जागांच्या प्रकारांची इंग्रजी अक्षरे. पहिले अक्षर 'जी' असेल तर जागा सर्वांसाठी, 'एल' असेल तर मुलींसाठी. मधली अक्षरे प्रवर्ग सांगतात. शेवटी 'एच' असेल तर ती जागा त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांची, 'ओ' असेल तर क्षेत्राबाहेरच्या मुलांची आणि 'एस' असेल तर सबंध राज्याची. खाली छापलेला क्रमांक त्या जागेवर शेवटी प्रवेश मिळालेल्या मुलाचा असतो. सरासरीचा नव्हे, शेवटच्या मुलाचा; हे ध्यानात ठेवावे.

एकाच शाखेचे हे निरनिराळे क्रमांक पाहिले की डोळे उघडतात. मुलीने आपला क्रमांक नुसत्या 'जी'च्या रकान्याशी ताडून पाहिला आणि निराश झाली, तर 'एल'चा रकाना तिने पाहिलाच नाही असे म्हणावे लागेल. तीस टक्के जागा मुलींसाठी असतात, आणि त्याखेरीज 'जी'च्या जागांवरही त्यांचा हक्क असतोच. राखीव प्रवर्गातल्या मुलालाही आपल्या क्रमांकावर खुली जागा मिळू शकते. तसेच पुण्याच्या सी.ओ.ई.पी.ची किंवा मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.ची संगणक शाखा हाताबाहेर असली, तरी तिथलीच स्थापत्य किंवा धातुशास्त्राची शाखा पुष्कळ खालच्या क्रमांकापर्यंत उतरते. सांगलीचे वालचंद, कराड, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालये, नांदेडचे श्री गुरु गोविंदसिंहजी ही नावेही यादीत तपासावीत. सगळे शहाणपण पुण्या-मुंबईतच साठले आहे असे नाही.

निदान दोन-तीन वर्षांच्या याद्या घ्या, आणि पहिली व शेवटची अशा दोन्ही फेऱ्या पाहा. आपला क्रमांक दरवर्षीच्या शेवटच्या क्रमांकाच्या बराच अलीकडे असेल तर ती जागा बहुधा मिळेल. आसपास असेल तर सांगता येत नाही. बराच पलीकडे असेल तर आशा थोडी. याहून बारीक भविष्य कुणी पैसे घेऊन सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नये. मागच्या वर्षीच्या याद्यांपलीकडे त्याच्याजवळही काही नसते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट : पसंतिक्रम. "अवघड कॉलेज वर लिहिले तर सोपेही हातचे जाईल" अशी एक समजूत खेड्यापाड्यांत घट्ट बसली आहे. ती चूक आहे. समजा, सोसायटीत बियाण्याच्या पिशव्या आल्या आहेत आणि रांगेत प्रत्येकाला क्रमांक दिला आहे. तुमचा क्रमांक पुकारला की तुम्ही म्हणता, "अमुक वाण द्या." ते संपले असेल तर, "मग तमुक द्या." तेही संपले तर तिसरे. पहिले वाण मागितले म्हणून कुणी तुम्हांला रांगेत मागे ढकलत नाही. प्रवेशाची यंत्रणा अगदी अशीच चालते. रांग क्रमांकाने लागते, आणि पाळी आली की तुमच्या यादीतली वरून पहिली शिल्लक जागा तुम्हांला मिळते. म्हणून यादी मनातल्या आवडीच्या क्रमाने लिहावी, भीतीच्या क्रमाने नव्हे. वर थोडी आशेची नावे, मध्ये आसपासची, आणि खाली बहुधा मिळतीलच अशी पुरेशी नावे. चार-पाच नावे लिहून थांबणारा मुलगा चांगला क्रमांक असूनही रिकाम्या हाताने राहू शकतो.

एक सावधगिरी मात्र हवी. २०२५ च्या नियमाप्रमाणे पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागत होती; दुसऱ्या फेरीत पहिल्या तिन्हींपैकी एखादी मिळाली तर ती, आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादी मिळाली तर ती. नाकारली तर पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून वरच्या जागी नुसत्या नावाच्या मोहाने, नको असलेली शाखा लिहू नये. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी.

एवढे करूनही खेड्यातली मुले अडखळतात ती कागदपत्रांपाशी. राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी समितीचे जात वैधता प्रमाणपत्रही लागते. अनुसूचित जाती-जमाती सोडून इतर मागास प्रवर्गांना चालू मुदतीचे नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र हवे. ते नसेल तर मुलाची गणना खुल्यात होते, आणि मग वर केलेला सगळा हिशेबच बदलतो. निकालानंतर तहसीलकडे धावणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे. वैधतेचा अर्ज विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने महाविद्यालयामार्फत अकरावीतच द्यावा. गुरुजींनी याची आठवण वर्गात एकदा नव्हे, चारदा करावी.

पैशाची धास्ती घेऊनही कित्येक जण चांगले नाव गाळतात. त्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांसाठी प्रत्येक शाखेत पाच टक्के जादा जागा शिकवणी शुल्क माफ असलेल्या असतात. त्यांचा पर्याय यादीत निराळा लिहावा लागतो. आणि २०२४ साली शासनाने याच उत्पन्नमर्यादेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिकवणी व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही.

शेवटचे काम संगणक केंद्रावरचे. अर्ज भरणाऱ्याच्या हाती आपला पासवर्ड सोडून घरी जाऊ नये. पसंतिक्रम आधी घरी कागदावर लिहावा, पडद्यावर एकेक ओळ त्याच्याशी ताडून पाहावी, आणि अर्ज निश्चित केल्यावर त्याची छापील प्रत मागून घ्यावी.